टेबल बदलतंय

"वहिनी, तुमच्या फ्रिजचा एक स्टार गेला बरं का!"

बाहेर सत्यनारायणाची आरती चालू होती. आत स्वयंपाकघरात कर्णिककाका शेजाऱ्यांच्या फ्रिजसमोर, घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून उभे होते.

"गेला? कुठे गेला?" वहिनी घाबरल्या.

"पाच होते ना? नवीन टेबलमध्ये चारच."

नोएडातल्या आमच्या सोसायटीत काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एसी-फ्रिजच्या लेबलवर किती स्टार द्यायचे, हे ठरवणाऱ्या सरकारी कमिटीत त्यांची हयात गेली. ही कमिटी मधूनमधून स्टारचं टेबल, म्हणजे कोष्टक, कडक करते, आणि कालचं पाच स्टारचं मशीन आज चारचं ठरतं. कंपन्यांनी सुस्तावू नये म्हणून हे बरोबरच आहे. पण काकांनी तेच माणसांनाही लावलं. त्यांचा जावई "तीन स्टार, तेही जुन्या टेबलचे." मी फारशी बोलत नाही, म्हणून मी "स्टँडबाय मोड." हा विनोद ते माझ्यादेखत माझ्या आईला सांगतात आणि स्वतःच हसतात.

"टेबल बदलतंय" हे त्यांचं पेटंट वाक्य. एकदा समोरच्या पंजाबी आंटींना दया आली. म्हणाल्या, "भाईसाहब, बदलना ही है तो हमारा पुराना ले जाओ, कुर्सियों के साथ." काकांनी त्यांना लिफ्टमध्येच गाठून स्टारचं सगळं गणित समजावलं. तेव्हापासून आंटी जिना वापरतात.

आणि या माणसाच्या घरी एसी नाही! दिल्लीच्या मे महिन्यात एक म्हातारा कूलर घरघरत दमट हवा फेकत असतो. दर उन्हाळ्यात काका दुकानात जातात, चष्मा कपाळावर चढवून लेबलं वाचतात, सेल्समनला घाम फोडतात आणि हात हलवत परत येतात. "आत्ता घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. टेबल बदलतंय."

यंदा काकूंना उकाड्याने चक्कर येऊ लागली. खोली थंड ठेवलीच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं. आईने सांगून पाहिलं, पुण्याहून त्यांच्या लेकीने फोनवर भांडून पाहिलं. टेबल बदलतच होतं. बायकोपेक्षा लेबलची काळजी करणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

गेल्या रविवारी दुपारी मी काकूंसाठी पन्हं घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. काकू डोळे मिटून पलंगावर पडल्या होत्या, ओठ सुकलेले. काका खाली फरशीवर बसून बादलीत पंचा भिजवत होते आणि तो काकूंच्या तळपायांना गुंडाळत होते. मला बघून त्यांना विनोद सुचला नाही.

"हिचा सगळा जन्म सरकारी क्वार्टरमध्ये गेला," ते हळूच म्हणाले. "पंखा आधीच्या साहेबाचा, पलंग त्याच्याही आधीच्याचा. एक तरी वस्तू हिला अशी द्यायची होती, जी उद्या कमी दर्जाची ठरणार नाही."

"अशी वस्तू तुमची कमिटीच होऊ देत नाही," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

पंच्यातलं पाणी संपलं तरी काका तो पिळतच राहिले.

मी पन्ह्याचा तांब्या स्टुलावर ठेवला.

"काका, चपला घाला," मी म्हणाले. "आई इथे बसेल, मी गाडी काढते. दुकानात जो असेल तो एसी आजच आणू."