सहदेव यांची समाधानकारक मळणी

माणसाला मारणं ही मराठीत मुळातच खळ्याची आणि चुलीची बाब आहे. आपण माणसाला झोडपतो, कुटतो, त्याची कणीक तिंबतो, फारच राग आला तर भरीत करतो. हे सगळं अभिमानास्पद असलं तरी सरकारी कामात चालत नाही, कारण कणकेचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे अजून ठरलेलं नाही. म्हणून शहाण्यानं मार खाल्ला की इंग्रजीत लिहावं.

साखरखेर्ड्याकडच्या सहदेव यांनी तसंच केलं. त्यांच्या शेळीनं गुलाबरावांच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडला आणि गुलाबरावांनी काठी उचलली. पाठीवर चार, खांद्यावर दोन, शिवाय पुढचा एक दात गेला. वर गुलाबराव गावभर सांगू लागले, "धुऱ्यावरून पडला बे तो, मले काय विचारता?" सहदेवांना शिक्षा नको होती, काही नको होतं. 'गुलाबरावांनी मारलं' एवढी एक ओळ सहीशिक्क्यानिशी हवी होती.

अर्ज त्यांची पुतणी अश्विनी हिनं लिहिला. बारावीला आहे, हुशार आहे. सडकून मारण्याला इंग्रजीत 'थ्रॅश' म्हणतात हे तिला ठाऊक होतं. स्पेलिंगची शंका आली, तेव्हा तिनं अंदाजपंचे लिहिलं नाही; अंगणात उभ्या थ्रेशरवर पिवळ्या रंगानं लिहिलेली अक्षरं बघून उतरवून घेतली. (याला संदर्भ तपासणे म्हणतात. आमच्या कार्यालयात असं कोणी करत नाही.) त्यामुळे 'ए'च्या जागी 'ई' आला. बाकी अर्ज निर्दोष होता.

तो माझ्या टेबलावर आला. इंग्रजी अर्जांचं मराठी मी करतो. एकोणीस वर्षांत एक चूक नाही. (तक्रारी आहेत, पण त्यांचं भाषांतर व्हायचंय.) कोश उघडला, थ्रेश म्हणजे मळणी. लिहिलं: 'गुलाबराव यांनी माझी काठीने मळणी केली.' मधे 'सोयाबीनची' राहून गेलं असावं, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण पदरचा शब्द घालणं माझ्या तत्त्वात बसत नाही. अर्ज शेतीच्या टेबलावर गेला.

शेतीच्या टेबलानं आठ दिवसांत पाहणी केली, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. पद्धत: पारंपरिक. स्थळ: धुरा. उतारा: एक दाणा, पांढरा, किंचित किडका. ओलावा: पाहणीच्या वेळी डोळ्यांत आढळला. भुसा: निरंक. शेरा: मळणी समाधानकारक.

सहदेव धावत माझ्याकडे आले.

"साहेब, मी माणूस आहो, सोयाबीन नाई!"

"अर्जात तसा उल्लेख नाही."

"अरे बाप्पा! मारलं हो मले त्यानं. तेवढंच काऊन लिहीत नाई तुमी?"

"तुम्ही म्हणता मारलं, तुमची इंग्रजी म्हणते मळलं. मी कोणाचं ऐकू?"

इंग्रजीचं नाव काढल्यावर ते हात जोडून निघाले. माणूस समजूतदार आहे.

पुढे, डिझेलचा थेंब न जाळता मळणी केल्याबद्दल गुलाबरावांचा सत्कार ठरला. शाल, नारळ, प्रमाणपत्र. फोटो निघत असताना प्रमाणपत्र वाचायची आपल्याकडे रीत नाही. गुलाबरावांनी पोच म्हणून झोकात सही केली आणि माइकवर म्हणाले, "हाव, म्याच केली! गरज पडली तं पुन्हा करीन!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

सहदेव शेवटच्या रांगेतून उठले आणि त्यांनी प्रमाणपत्राची प्रत मागितली. 'श्री. गुलाबराव यांनी श्री. सहदेव यांची काठीने मळणी केली.' खाली शिक्का, त्याखाली गुलाबरावांची सही. कागद छातीशी धरून ते बसस्टँडकडे गेले. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. एका शब्दानं गरिबाला न्याय मिळाला होता, आणि तो शब्द माझा होता.

तीन दिवसांनी ते परत आले. कागद त्यांनी टपरीवर दाखवला, पिठाच्या गिरणीवर दाखवला, बसमध्ये कंडक्टरला दाखवला. जो वाचे तो हसे. "उतारा किती लागला बे, सहदेव?" घरी बायकोला, वच्छलाबाईंना, वाचून दाखवला, तर ती माउलीसुद्धा तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. सहा काठ्या कोणालाच दिसल्या नाहीत.

"साहेब," सहदेव म्हणाले, "गुलाबरावानं माहा एकच दात पाडला. बाकीचे दात समद्या गावानं काढले."

मला वाईट वाटलं. मी त्यांना समजावलं, अहो, गाव अडाणी आहे. शिकल्यासवरल्या लोकांपुढे हे प्रकरण ठेवू, ते मार खाल्लेला माणूस बरोबर ओळखतील. म्हणून तर हे सगळं छापायला दिलं. 'वाचक हसले: निरंक' असं सही करून त्यांना आगाऊ लिहूनही दिलंय.

सहदेव आत्ता माझ्यासमोरच्या बाकावर बसलेत आणि मघापासून तुमच्याच तोंडाकडे पाहून राह्यलेत. मिटा ते.