नानांची घोटणी

नाना भेटले की आधी समोरच्याच्या हातातल्या वस्तूवरून अंगठा फिरवतात, मग त्याची विचारपूस करतात. वस्तू कुठलीही चालते. स्कूटरची किल्ली, छत्रीचा दांडा, हातातलं कडं. शिरपूरला पुतणीच्या लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाच्या हातातली कट्यार काढून घेतली, मुठीवर अंगठा फिरवला आणि "खरबडीत शे" असा अहिराणीत निकाल दिला. व्याह्यांना वाटलं, मुलगाच नापसंत झाला. त्यांची समजूत घालण्यात मुहूर्त टळता टळता राहिला.

पाचोऱ्याला माझं मोटरपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याला लागून एक पत्र्याची शेड, आणि तिच्यात दोन भावांचे दोन लेथ. मोठा लेथ थोरल्या भावाचा, म्हणजे आबांचा. ते माझ्या गिऱ्हाइकांसाठी पंपाचे शाफ्ट तासतात. धाकट्या नानांकडे जुना छोटा लेथ, लोखंड मोटर फिरवते, पण हत्यार सरकवायची चाकं हाताने फिरवायची. त्यावर ते पंपाचे छोटे भाग घोटतात; आबांचे शाफ्ट मात्र तासले की सरळ माझ्या दुकानात येतात. तासलेल्या लोखंडावर बारीक चरे राहतात. लोखंड फिरत असताना त्यावर कडक, गुळगुळीत हत्यार दाबून धरलं की चरे दबतात आणि तोंड बघण्याइतकी चकाकी येते. कीस म्हणून पडत नाही. कॅटलॉगात या हत्याराला बर्निशिंग टूल म्हणतात, नाना घोटणी म्हणतात.

घोटणी विकत मिळते, पण तो विषय नानांसमोर काढायचा नसतो. ते गॅरेजांतून बाद बेअरिंगं गोळा करतात, फोडतात, आतला रूळ काढतात. तो आधी ऑइलस्टोनवर घासायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर, आणि मग दांडीत बसवायचा. तयार झाली की नाही ते गालावर फिरवून ठरतं. त्याला गाल स्वच्छ लागतो, म्हणून नवी घोटणी करायची असली की नाना सकाळीच न्हाव्याकडे जातात. नाना गुळगुळीत दाढी करून आलेले दिसले की मी समजतो, आज आपलं काम काही होत नाही. घाई केली तर वर ऐकून घ्यायचं: "शेठ, कापता कोनले बी येस. दाबता येवाले पाहिजे."

यावर पलीकडच्या लेथवरून आबांचं ठरलेलं उत्तर येतं. "घोटाले काय अक्कल लागस? पोळ्या लाटाना धंदा तो." दोघांचं हे दिवसभर चालतं. मला त्याचा वैताग येतो, पण दुकान हलवता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आबांची नजर फार कमी झाली. माप त्यांच्या हातात बसलेलं, ते चुकत नव्हतं. पण हत्याराची धार गेलेली त्यांना दिसेना. शाफ्ट खडबडीत निघू लागले, पंपाचं पॅकिंग खाऊ लागले, पंप गळू लागले, आणि शेतकरी येऊन माझ्यावर तोंड टाकू लागले. ही कुणकुण आबांच्या सुरतेच्या मुलाला लागली. त्याने सरळ सांगितलं, आता एक जरी तक्रार आली तरी लेथ विकायचा आणि आबांनी सुरतेला यायचं. मुलगा चुकीचं बोलत नव्हता. पण नानांनी लग्न केलेलं नाही. जेवण आबांच्या घरी, भांडण आबांशी. आबा गेले तर हा माणूस त्या शेडमध्ये बोलणार कोणाशी, या विचाराने मलाच कसंतरी झालं.

आणि तक्रारी थांबल्या. मला वाटलं, आबांनी नवा चष्मा केला असेल.

एका दुपारी आबा घरी जेवून आडवे झाले असतील अशा वेळी मी शाफ्ट न्यायला शेडमध्ये गेलो. नानांच्या छोट्या लेथवर आबांचा शाफ्ट जेमतेम मावला होता, आणि नाना तेल सोडत, घोटणी दाबून, हळूहळू चाक फिरवत होते. मला बघून त्यांनी लेथ बंद केला.

"भाऊले सांगू नको, शेठ."

"त्यांच्या लक्षात नाही येत?"

"त्याले दिसस कोठे? त्याले वाटस, त्यानाच हात शे."

शाफ्ट पुसून त्यांनी तो आबांच्या लेथपाशी जसाच्या तसा ठेवला. तेवढ्यात आबा आलेच, फोनवर बोलत. पलीकडे सुरतेचा मुलगा होता. आबांनी फोन माझ्यापुढे धरला. "शेठ, तूच सांग याले, काही तक्रार शे का?"

तक्रार काही नाही, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. आबांनी शाफ्ट उचलला, हात फिरवला, खूश झाले आणि फोनमध्ये म्हणाले, "मी कशाले येऊ रे सुरतले? मना हात अजून शाबूत शे. आन् मी तठे निंघी गऊ, ते ह्या नानाले काम कोन शिकाडी?"

नाना चिंधीने हाताचं तेल पुसत होते.

"खरं शे, भाऊ," ते म्हणाले. "माले अजून काहीच येत नही."