कुसुम आणि नळीतला थर

बाळांनो, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण कुसुम कोणाच्याही घरी पाणी पिण्याआधी तांब्याच्या आत करंगळी फिरवते. एकदा वाईला एका प्रतिष्ठित घरी आम्ही सोयरिकीसाठी गेलो होतो. यजमानांच्या देखत करंगळी फिरवून ती म्हणाली, "वसाहत जुनी आहे!" सोयरीक अर्थातच मोडली.

तिची वसाहत म्हणजे जंतूंची. जंतू एकमेकांना धरून, स्वतःभोवती चिकट थर करून राहतात. साताऱ्यातल्या कॉलेजात तिने आयुष्यभर हेच शिकवलं. निवृत्त झाली तरी चैन नाही. एसटीत जागा असली तरी ही उभी. जेवतानासुद्धा पाय हलतोच.

गेल्या वर्षी आजोबांना लघवीची नळी बसवली आणि थोड्याथोड्या दिवसांनी ताप येऊ लागला. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "घरी स्वच्छता कमी पडते." माझ्या घरी! जिथे फडकीसुद्धा उकळतात! मी इतके हात घासले की कातडी सोलली. तरी ताप आलाच. दोष माझाच, असं मी धरून चालले.

नळी बदलली तेव्हा काढलेल्या जुन्या नळीचा तुकडा बाटलीत घालून कुसुमने सांगली गाठली. तिथे तिच्या एका विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. केसाहून कितीतरी बारीक सुईचं टोक वस्तूवरून फिरवून, डोळ्यांना न दिसणारे चढउतार चाचपून ते त्यांचं चित्र काढतं. जरा हादरा बसला की चित्र बिघडतं. प्रत्येक खेपेला चित्रावर लाटाच लाटा. कुसुमने रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरांना शिव्या घातल्या, पंखे बंद करवले. शेवटी तिथले मदतनीस, फौजेतून आलेले शिंदे, म्हणाले, "आवं बाई, ट्रॅक्टर न्हाई, तुमचा पाय हलतोय. तुमी जरा भाईर जावा."

"मी? मी तर स्वस्थ बसलेय!"

"व्हय. टेबल तेवढं नाचतंय."

बाई बाहेर गेल्या आणि चित्र स्वच्छ आलं.

ते कागद घेऊन ती थेट स्वयंपाकघरात आली. आजोबांनाही दाखवले नव्हते.

"वहिनी, हे नळीचं बाहेरचं अंग. तुम्ही धुता ते. बघा, कसं सपाट आहे. आणि हे आतलं."

आतल्या अंगाला नुसते डोंगर, जंतूंच्या थराचे.

"इथे कुणाचाच हात पोचत नाही," ती म्हणाली.

"मग डॉक्टरांना दाखव की."

"दाखवेन उद्या." मी ज्याखाली हात घासत होते तो नळ तिने बंद केला. "त्यांच्यासाठी कुठे गेले होते मी?"