काळजाचं वाटणीपत्र

हैदराबादच्या सरकारनं गरिबांच्या पांढऱ्या राशन कार्डावर दोन लाखांपर्यंतचा इलाज फुकट केला, तेव्हा मुधोळच्या उद्धवरावांनी एक छोटासा निर्णय घेतला. कोणाला काही विचारायचं नाही, आपलं आपण समजून घ्यायचं. तीस वर्षं कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि वाटणीपत्रं लिहिणाऱ्या माणसानं दुसऱ्याला काय विचारायचं? योजनेचं पत्रक तेलुगूत होतं आणि उद्धवरावांना तेलुगू वाचता येत होतं. (म्हणजे अक्षरं ओळखू यायची. अर्थ ते पदरचा घालत.)

कार्डावर नावं चार: उद्धवराव, बायको मनकर्णा, आई द्वारकाबाई आणि बिनलग्नाचा धाकटा भाऊ चंपत. रक्कम एक, नावं चार, म्हणजे सामाईक मिळकत. प्रत्येकी पन्नास हजार, आणि एकदा खर्चले की संपले. हे त्यांनी निम्म्या गावाला समजावून सांगितलं. गावालाही पटलं, कारण सरकार काही फुकट देतं यापेक्षा हिस्से पडतात हे पटायला सोपं होतं.

मनकर्णेला वर्षभर दम लागत होता. शिबिरातल्या डॉक्टरनं छाती तपासली आणि सांगितलं, हृदयाची झडप आवळली आहे, महिन्याच्या आत हैदराबादला न्या. ऑपरेशनचे ऐंशी हजार सरकार भरेल. उद्धवरावांनी फक्त ऐंशी हजार ऐकले. तीस कमी पडत होते.

दुपारी घरात बैठक बसली.

"माय, तुह्या हिश्श्यातले तीस देतं का?"

"मंग माह्या डोयाचं कोन करन?" द्वारकाबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू पिकून राह्यला."

"चंपत, तू?"

"देतो ना, दादा. गोठ्याची जागा माह्या नावानं करून द्या."

"अन् तुमचा हिस्सा?" मनकर्णेनं दारातून नवऱ्याला विचारलं.

"मले हर्निया हाये ना. उद्या फुगलं तं?"

मनकर्णा घागर उचलून पाण्याला गेली. (पाणी आणणं तिच्या एकटीच्या वाट्याला होतं. त्यात कोणी हिस्सा मागितला नव्हता.)

शेवटी उद्धवरावांनी गोठ्याची जागा सोडली आणि रीतसर वाटणीपत्राचा मसुदा लिहायला घेतला. मसुदा म्हटला की चतुःसीमा आल्या. त्यांनी 'पूर्वेस फुफ्फुस, दक्षिणेस पोट' असं लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. मग चंपतला एक ओळ पटेना. ती बदलली, तर द्वारकाबाई म्हणाल्या, अंगठा चांगल्या दिवशीच देईन. असं करता करता दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली. तोवर मनकर्णा विहिरीपासून घरापर्यंत तीनदा बसू लागली होती, आणि पुढं तर भिंतीला टेकून बसूनच झोपू लागली. हे सांगताना हसू येतं, आणि हसू आलं याची लाजही वाटते.

अंगठा पडला आणि उद्धवराव बायकोला घेऊन हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात पोचले. योजनेच्या काउंटरवर त्यांनी कार्डाआधी वाटणीपत्र ठेवलं. तिथल्या बाईनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"ये क्या है?"

"घरवालों की मंजुरी है, मॅडम. हिस्सों की."

बाईनं त्यांना हिंदीत समजावलं. हिस्से-बिस्से काही नसतात. घरातल्या एकालाच सगळे लागले तरी चालतात, आणि वर्ष उलटलं की पुन्हा पुरते दोन लाख मिळतात. कोणाचं काही कमी होत नाही. उद्धवरावांनी कागदाची घडी केली आणि ती खिशात घातली.

आत डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उशीर झाला. हृदय फार थकलंय, ऑपरेशन सोसवणार नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, रोजच्या, जगेल तोवर. किती दिवस, असं उद्धवरावांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. कार्ड ऑपरेशनला चालत होतं, घरी खायच्या गोळ्यांना नाही. त्या उद्धवरावांनी रोख पैसे मोजून घेतल्या.

घरी आल्यावर सगळं ऐकून द्वारकाबाई रडू लागल्या.

"उद्धव, दुसरा कागद लिही. माहा सारा हिस्सा मनकर्णेले दे. माहे डोये गेले तं जाऊ दे."

"आता त्याचा काही उपेग नाही, माय."

मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती. दोन श्वास घेऊन तिनं विचारलं, "कार्डात आता किती राह्यले?"

"पुरे दोन लाख," उद्धवराव म्हणाले.

"म्हंजे तुमी एक पैसाबी वाया जाऊ देला नाही."

पक्षकारांच्या तोंडून असंच ऐकायची सवय असल्यामुळे उद्धवरावांना क्षणभर ते कौतुकच वाटलं, आणि त्यांनी मान डोलावली.