वाहन कोणतं?

इथं राहाले आलो त्या पहिल्या दिवशी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गेली तं माह्या कमरेवर माही पोट्टी मंदी, हातात रॉकेलचा डबा, पदर दातात, अन् समोर खाकी कोटातला एक म्हातारा सडकेच्या मधात हात आडवा करून उभा. तोंडात शिटी. फुर्रर्र केलं, शिटी काढली अन् मले इचारते, "वाहन कोणतं?"

माहा तं डबाच सुटला असता. म्हटलं, "पायीच हावो जी."

त्यानं मले पाहिलं, पोट्टीले पाहिलं, डब्याले पाहिलं. मनातल्या मनात कायतरी पडताळलं. मंग म्हणते, "पायी चालणाऱ्याले मनाई नाई. चाला. लेफ्टनं."

घरी येऊन मी शेजारच्या शांताबाईले इचारलं, "बाई, तो बाहेरचा माणूस येडा हाय का वं?"

शांताबाई पीठ चाळून राहिली होती. म्हणे, "येडा कायले? तुह्या भिंतीच्या पल्याडच राहते. मेश्राम काकाजी."

म्हंजे शिटी रोज ऐकाची हाय तं. मंदीले मोठ्या मुश्किलीनं झोपवावं, अन् भिंतीपल्याड काकाजीनं शिटी धुऊन, वाजते का नाई ते वाजवून पाहावं. दोन वर्षं झाले, मले पुरी झोप ठाऊक नाई.

मले कशाचंही भेव वाटते, हे मान्य. पण एक भेव खरं हाय. मंदीले ताप चढला का झटके येतात. पहिल्यांदा आले तवा तिनं डोळे पांढरे केले अन् मी चूल विझवत बसली. काहून विझवली, मले आजवर समजलं नाई. डॉक्टरीणबाईनं सांगून ठेवलं, "ताप वाढला का ओल्या फडक्यानं पुसाचं अन् उचलून इथं आणाचं. वाट पाहाची नाई." दवाखाना तसा जवळ हाय. गल्लीतून निघालं, सरळ सडकेनं गेलं, का चौकात दवाखाना.

पण ते सरळ सडक म्हंजेच बसपट्टी.

सडक हाय अरुंद. तांगे, रिक्षा, बंड्या अडकत, अन् त्यायच्या मांगं सिटी बस घंटा घंटा उभी राहे. मंग वरून ऑर्डर निघाली, पिवळे पट्टे मारले, पाटी लावली. फक्त सिटी बस, अँबुलन्स अन् आगीचा बंब. बाकी साऱ्यायनं बाजाराच्या सडकेनं फिरून जावं. बाजाराची सडक म्हंजे हातठेले, उभे तांगे अन् मधात बसलेली गाय. तिथं रिक्षा शिरली तं कवा निघन, सांगता येत नाई.

पोलीस सकाळी एकदा येते, चहा पिते, काकाजीले सलाम करते अन् जाते. त्याचं काम फुकटात होऊन राहिलं, तो कायले बोलन?

काकाजी उभी जिंदगी सिटी बसच्या स्टॉपवर टाइमकीपर होते. बस आली का टाइम लिवाचा, गेली का टाइम लिवाचा. "तांग्यायनं माह्या बसा लेट केल्या," असं ते आजही म्हणतात, जसं कोणी म्हणते का भावानं माहं वावर खाल्लं. ते रिटायर झाले अन् दोन महिन्यांनी पट्टी आली. दुसरं कोणी असतं तं कपाळावर हात मारून घेतला असता. यायनं जुना कोट धुतला अन् पट्टीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

एकदा वरात आली. बँडवाले, पेट्रोमॅक्सवाले, घोडीवर नवरदेव. काकाजीनं हात आडवा केला. "वाहन कोणतं?"

नवरदेवाचा मामा म्हणे, "दिसत नाई का? घोडी हाय!"

"घोडी यादीत नाई."

"अहो, मुहूर्त टळून राहिला!"

"मुहूर्त बी यादीत नाई."

मामानं लय हातवारे केले. बँडवाल्यायनं तेवढ्यात दोन गाणे वाजवून घेतले. शेवटी नवरदेवच कटाळला बिचारा, खाली उतरला अन् मुंडावळ्या सांभाळत पट्टीतून पायी निघाला. घोडी बाजाराकडून गेली. लग्न लागल्यावर पोचली म्हणतात.

दूधवाल्याशी रोजचंच. सायकलवर बसून आला का शिटी. मंग तो खाली उतरून सायकल हातात धरे, तं काकाजी म्हणत, "आता जा. हातात धरली तं ते सायकल नाई, सामान हाय."

घरी बी तेच. नळाच्या समोर त्यायनं चुन्यानं रेघ मारली. भरलेल्या बकेटा इकून, रिकाम्या तिकून. शांताबाईची कोंबडी रेघ ओलांडून गेली तं तिले बी शिटी. शांताबाई म्हणे, "काकाजी, कोंबडीले काय समजते?" काकाजी म्हणत, "म्हणूनच तं वाजवली. समजत असतं तं नसती वाजवली."

एका दिवशी मी भाजी निवडत ओट्यावर बसली होती, अन् एक तांगेवाला त्यायच्याशी भांडून राहिला होता. "माह्या तांग्यात बी सवाऱ्याच बसतात न? मंग बस कायची मोठी लागून गेली?"

काकाजी रागावले नाई. म्हणे, "मी लहान होतो तवा गावाहून येताना तांगेवाला आमाले चढू देत नव्हता. आमी मांगून पायी येत होतो. बसमधी तसं नाई गा. टिकट काढलं का बसलो. जिच्यात कोणीबी हात दाखवून चढू शकते, तिले बस म्हणावं. बाकी सारे वाहन."

तांगेवाल्यानं तांगा बाजाराकडं वळवला. माही भाजी निवडाची राहिली.

पोराचं मले शांताबाईनंच सांगितलं. काकाजीचा एकच पोरगा, प्रकाश. हिंगण्याच्या कारखान्यात लागला. कारखान्याची बस पोरायले न्याले येते. पट्टी नवीन होती तवा एका सकाळी त्या बसले उशीर झाला अन् डायव्हरनं गाडी पट्टीत घातली. काकाजीनं हात आडवा केला. डायव्हर म्हणे, "बाबाजी, बसच हाय न हे!" काकाजी म्हणे, "हे कंपनीची. यात कोणीबी चढू शकत नाई. मांगं घ्या." खिडकीत प्रकाश बसला होता. त्यानं बापाकडं पाहिलं, बापानं त्याच्याकडं. अन् शिटी वाजवत वाजवत बस मांगं घेतली, पार बाजारापर्यंत. आतले पोरं टाळ्या वाजवून हासत होते.

"त्याच हप्त्यात पोरानं बिस्तरा बांधला," शांताबाई म्हणे. "बाजाराच्या पल्याड खोली केली. तवापासून इकडं फिरकला नाई. आईही नाई न त्याले, कोण समजूत घालन?"

हे ऐकलं अन् माहं भेव दुप्पट झालं. ज्यानं पोटच्या पोराले सोडलं नाई तो माह्या पोट्टीले काय सोडन? एका दिवशी हिंमत करून इचारलंच. "काकाजी, कवा मंदीले रिक्षात घालून न्या लागलं तं पट्टीतून जाऊ द्यान का?"

काकाजीनं बोटावर यादी मोजली. "रिक्षा यादीत नाई, बाई."

"पण पोट्टी आजारी असली तं?"

"अँबुलन्स यादीत हाय."

आता अँबुलन्स कुठून आणू मी? आमच्या गल्लीत फोन नाई. मी घरात येऊन रडली, मंदी बी रडली, मंग दोघीही थकून तशाच पडून राहिलो.

अन् तो दिवस आलाच. हे मिलमधी पहिल्या पाळीले गेले होते. मंदी सकाळपासून गरम होती, दुपारी अंग असं भाजाले लागलं का हात ठेववत नव्हता. पुसून पुसून फडकं गरम झालं. तिची मूठ आवळाले लागली तशी मी तिले उचललं अन् पळत सुटली, पायात चप्पल नाई. शांताबाईनं रज्जाकभाईची रिक्षा थांबवली. मी बसली अन् रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली.

फुर्रर्र.

काकाजी समोर उभे. हात आडवा. "वाहन कोणतं?"

रज्जाकभाई म्हणे, "बाबा, बच्ची की तबीयत देखो. जाने दो."

मी नुसतं मंदीचं तोंड वर केलं. तिचे डोळे फिराले लागले होते.

काकाजीनं पाहिलं. त्यायचा हात तसाच राहिला. एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा रिक्षाकडं. मले वाटलं, आता हा माणूस मले बाजाराकडं पाठवते, अन् तिथं गाय बसली असन, अन् माही पोट्टी तिथंच जाईन.

तवा काकाजीनं तो आडवा हात वर केला. आपण बस थांबवाले करतो न, तसा. अन् मले म्हणे, "बाई, मले चढू द्यान का?"

मले काईच समजलं नाई. मी सरकली. काकाजी कोट सावरत चढले, माह्या बाजूले बसले अन् रज्जाकभाईले म्हणे, "मी हात दाखवला, तू घेतलं. कोणीबी चढू शकते. झाली बस. चाल!"

"ये कौनसी बस हुई, बाबा? तीन का वजन है!"

"सिटी बस! लेट हाय! पायडल मार!"

अन् शिटी तोंडात घातली. मंदीचे पाय त्यायनं आपल्या मांडीवर घेतले, आपल्या टोपीनं तिले वारा घालून राहिले होते, अन् फुर्रर्र फुर्रर्र करत आमची रिक्षा भर दुपारी पट्टीतून. मांगून खरी सिटी बस आली तं तिच्या डायव्हरले बी काकाजीनं हातानंच थांबवलं. "पुढं बस हाय, दिसत नाई का?" चढ आला तवा काकाजी खाली उतरले अन् मांगून ढकलाले लागले. एवढा म्हातारा माणूस, शिटी तोंडातच. श्वास घेतला का वाजे, सोडला का वाजे.

डॉक्टरीणबाईनं सुई दिली, अंग गार केलं. संध्याकाळ व्हाच्या आधी मंदीनं डोळे उघडले अन् काकाजीची शिटी मागाले लागली. "वेळेवर आणलं," बाई म्हणे. मी भिंतीले टेकून बसली.

परत येताना रिक्षा पट्टीकडं वळली तं काकाजी म्हणे, "रिक्षा पट्टीत घाला लागते का? आता घाई नाई. बाजाराकडून." रज्जाकभाईनं कपाळावर हात मारला. मी अन् मंदी रिक्षात, काकाजी बाजूनं पायी, लेफ्टनं.

बाजाराच्या सडकेवर कंपनीची बस भेटली. पाळी सुटली होती. धूळ उडवत गेली. काकाजी जागीच थांबले, टोपी काढली, डोळे बारीक केले अन् बस दिसते तोवर पाहत राहिले. तवा मले समजलं. पट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं का हे सडक बी दिसते. रोज सकाळ-संध्याकाळ.

माही अक्कल त्या दिवशी ठिकाणावर नव्हती, नाई तं मी असं बोलली नसती. म्हटलं, "काकाजी, तुमी प्रकाशभाऊच्या बसमधी बी चढले असते तं ते बी बस झाली असती न?"

काकाजीनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. म्हणे, "मी इचारलं नाई." अन् मंग रज्जाकभाईवर खेकसले, "लेफ्टनं घे न गा!"

दोन दिवस भिंतीपल्याड शिटी वाजली नाई. मंदी झोपली, पण माहाच डोळा लागेना. तिसऱ्या दिवशी काकाजी कागद अन् पेन घेऊन दारात उभे.

"बाई, तुमी शिकल्या हाव म्हणतात."

"सातवी, काकाजी."

"पुष्कळ झालं. माहा हात थरथरते. लिवा."

मी मंदीले मांडीवरून खाली ठेवलं. ते उभ्यानंच सांगाले लागले, जसं साहेबाच्या समोर उभे हाय. "प्रति, प्रकाश मेश्राम, कारखाना, हिंगणा. विषय, आपल्या कंपनीच्या बसमधी एक डाव चढू देण्याबाबत."

मी वर पाहिलं. ते पाटीकडं पाहतात तसे भिंतीकडं पाहून राहिले होते.

"लिवलं? आता खाली लिवा, कारण." मंदी त्यायच्या कोटाचं टोक ओढत होती, ते बी त्यायनं ओढू दिलं. मंग म्हणे, "कारण, अर्जदाराची नजर कमी झाली हाय. बाहेरच्या सडकेवरून खिडकीतलं माणूस ओळखू येत नाई."

मी लिवलं. माहे अक्षर असेच वाकडे येतात, त्या दिवशी जास्तच आले.

"खाली काय लिवू काकाजी? बाबा का अर्जदार?"

"अर्जदार." कागद घडी कराले घेतला, पुन्हा उघडला. "त्याच्या शेऱ्याले जागा सोडली न?"

"सोडली काकाजी. अर्धं पान."