नाव नंतर कळवण्यात येईल

कोणतीही संस्था हरते तेव्हा ती खरं तर हरत नसते, तिची पुनर्बांधणी चालू असते. लेकपोर्ट हेरॉन्स या अमेरिकन बेसबॉल संघाने हे तत्त्व इतकं मनापासून अंगीकारलं आहे की एरी सरोवराच्या त्या काठावर आता पराभव नावाची गोष्टच उरलेली नाही. गेल्या हंगामात संघाची एकशे चार सामन्यांत पुनर्बांधणी झाली. (उरलेले अठ्ठावन्न अनवधानाने जिंकले गेले. चौकशी चालू आहे.)

नॉर्बर्ट जॅब्लॉन्स्की हा या संघाचा जुना भक्त. वय त्र्याहत्तर, गिअरच्या कारखान्यातून निवृत्त, हृदयाची एक झडप कामचुकार. त्याची एकच इच्छा होती: हेरॉन्सना अजिंक्यपद मिळालेलं या डोळ्यांनी बघायचं आणि मग बायकोला, डोलोरेसला, पॅसिफिक महासागर दाखवायचा. हा क्रम लग्नातच ठरला होता. तेव्हा संघ दुसऱ्या क्रमांकावर असल्यामुळे डोलोरेसनेही फार ताणून धरलं नाही.

पुनर्बांधणीचं शास्त्र सोपं आहे. तरुण खेळाडू आणायचे. ते शिकेपर्यंत हरायचं. ते शिकले की त्यांचा करार संपत आलेला असतो, म्हणून त्यांना दुसऱ्या संघांना देऊन आणखी तरुण आणायचे. संघाच्या व्याख्येनुसार तरुण म्हणजे जो अजून खेळलेला नाही. खेळला तो अनुभवी आणि चांगला खेळला तो म्हातारा. ही व्याख्या व्यवस्थापक प्रेस्टन व्हिटलो यांची. (वय एकतीस. बॅट कधी हातात धरलेली नसल्याने दृष्टी पूर्वग्रहमुक्त.)

नॉर्बर्ट मात्र जाणत्या खेळाडूंच्या पक्षाचा. चाहत्यांच्या वार्षिक सभेत तो उठून उभा राहिला.

"व्हिटलो, पोरं पुष्कळ झाली. दाढी करणारा एखादा गडी आणा की."

"मागच्या वर्षी आणला होता, मिस्टर जॅब्लॉन्स्की."

हे खरं होतं. ड्वेन रकर नावाचा चाळिशीचा गोलंदाज आणला होता. पहिल्याच आठवड्यात त्याचा गुडघा गेला. पुढे हंगामभर त्याने बाकावर बसून नेतृत्व दिलं, म्हणजे सूर्यफुलाच्या बियांची टरफलं लांब कशी थुंकायची ते पोरांना शिकवलं. या एका बाबतीत संघ आजही देशात अग्रेसर आहे.

"मग आपण जिंकायचं कधी?" नॉर्बर्टने विचारलं.

"आपण योग्य दिशेने चाललो आहोत."

"दिशा नको, साल सांगा. मला डॉक्टरला कळवायचंय."

सभा हसली. नॉर्बर्ट हसला नाही, कारण तो विनोद करत नव्हता.

तरी त्याला आशा होती, आणि तिचं नाव मातेओ अरिएता. तिसऱ्या बेसवरचा हा पंचवीस वर्षांचा पठ्ठ्या मागच्या पुनर्बांधणीचं एकमेव फळ होता. जूनमध्ये तो असा काही खेळू लागला की सगळ्या गावाने त्याच्या नावाचे शर्ट घेतले. इतका उघड म्हातारपणा संघाला खपणं शक्य नव्हतं. जुलैत त्याला दुसऱ्या संघाला देण्यात आलं. मोबदल्यात मिळाला 'नाव नंतर कळवण्यात येईल असा एक खेळाडू'.

ही या खेळातली जुनी, सर्वमान्य पद्धत आहे. आज माणूस द्यायचा, बदल्यात कोण मिळणार ते सवडीने ठरवायचं. पण सप्टेंबर आला तरी नाव कळेना, तेव्हा पत्रकारांनी व्हिटलोंना घेरलं. व्हिटलो शांतपणे म्हणाले, "नाव लपवलेलं नाही. त्याचं बारसं व्हायचंय."

खेळाडू अकरा दिवसांचा होता. वडील गोलंदाज, आई सॉफ्टबॉलपटू. तज्ज्ञांच्या मते मूठ घट्ट, झोप उत्तम आणि कारकिर्दीत अद्याप एकही चूक नाही.

नॉर्बर्टने वर्षाच्या पासाचं कार्ड खिशात घातलं आणि डोलोरेसला घेऊन थेट संघाचं कार्यालय गाठलं. "हे परत घ्या," तो खिडकीतल्या बाईंना म्हणाला. "मी आणि ही पॅसिफिक बघायला चाललोय."

डोलोरेसने त्याचा हात धरला. लग्नानंतर इतकी खूश ती क्वचितच झाली असेल.

"जरूर जा," बाई म्हणाल्या. "जाण्याआधी बाळ बघून जा." त्यांनी फोटो पुढे सरकवला.

नॉर्बर्टने चष्मा चढवला. बराच वेळ बघितलं.

"डावखुरा आहे का हो?"

"नॉर्बर्ट," डोलोरेस म्हणाली, "पाळण्यात आहे तो."

"ते दिसतंय मला. पण बोटं बघ की याची, डोली. वीस वर्षांत हा काय चेंडू टाकेल."

"वीस वर्षांनी तू त्र्याण्णवचा होशील."

"मग निघू ना. हा एवढा जिंकून देऊ दे, की लगेच."

डोलोरेसने हात सोडला. रागावली नाही, फक्त पर्समधून हातमोजे काढून एकेक बोट नीट बसवत राहिली. नॉर्बर्टला ते लागलं. पण मागे रांग वाढली होती आणि बाई विचारत होत्या, पास एका वर्षाचा की सवलतीतला वीस वर्षांचा. त्याने सवलत घेतली.

अमेरिकेतल्या एका खुळ्या म्हाताऱ्याला हसून झालं असेल, तर वाचकाने एक छोटं काम करावं. 'मुलं मोठी झाली की आपण जाऊ' असं ज्या व्यक्तीला सांगून ठेवलं आहे, ती बहुधा शेजारच्याच खोलीत असेल. तिचे गुडघे अजून चालतात का, तेवढं विचारून यावं.