मुखवटा घातलेलं कोनफळ

आमच्या शेजारचे वाघमारे कोनफळाला मुखवटा घालतात. स्वतः मात्र कौन्सिलचा माणूस आला तरी बनियनवर दार उघडतात.

लंडनच्या हॅरोत आमची दोन घरं एकाच कुंपणाला टेकून आहेत. वाघमारे पूर्वी केंब्रिजच्या एका म्युझियममध्ये पहारेकरी होते. त्यांच्या खुर्चीसमोर काचेत वेताचा विणलेला मुखवटा होता, पापुआ न्यू गिनीच्या अबेलाम लोकांचा. ते लोक म्हणे माणसाएवढं लांब कोनफळ पिकवतात आणि सुगीला त्याला मुखवटा, पिसं, फुलं चढवून नवरदेवासारखं मिरवतात. वर्षानुवर्षं एकाच मुखवट्याकडे बघून दुसऱ्या कोणी चष्मा बदलला असता. वाघमारे रिटायर झाले, बायको सुमन गेली, ते हॅरोत आले आणि त्यांनी ग्रीनहाऊस घेतलं.

"आक्का, तुम्ही या बाजूला यायचं नाही," मे महिन्यात त्यांनी मला कुंपणावरून बजावलं. "बाईची सावली पडली की कंद खुंटतो."

"सावली पडायला इथं ऊन कुठंय?"

"आणि भांडायचं नाही. कंदाला राग ऐकू येतो. तुम्ही बर्मिंगहॅमच्या मुलाला फोनवर झापता ना, ते सगळं त्याच्यापर्यंत जातं."

मी चौथी पास. पण कोनफळाला कान नसतात एवढं समजायला चौथीही लागत नाही. मी आवाज वाढवला.

कंदासाठी उन्हाळाभर त्यांनी मटण सोडलं. काहीही बोला, उत्तर एकच, "अबेलाममध्ये असं नसतं." कचऱ्याचा बिन चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला, तर अबेलाममध्ये बिन नसतात. माझी पोह्यांची बशी महिनाभर परत आली नाही, कारण अबेलाममध्ये बश्या नसतात. मोठे सोयीचे लोक.

ऑक्टोबरात कंद निघाला. गाजराहून थोडा जाड, लांबीला माझी एक वीत. मुखवटा आधीच विणून ठेवला होता, सुपाएवढा, लाल-पिवळा, डोळे वटारलेला. त्यात कंद शोधावा लागत होता.

"आता चिरा आणि खा," मी म्हटलं.

"आपला कंद आपण खायचा नसतो, आक्का. जोडीदाराला द्यायचा. त्यानं पुढच्या वर्षी याहून मोठा परत करायचा, नाहीतर त्याची मान खाली. आणि घेणाराच नसेल तर पिकवणाऱ्याला कोण विचारतो?"

रविवारी सूट घालून, मुखवट्यासकट कंद मांडीवर घेऊन ते बसनं विहारात आले. वंदना झाल्यावर तिघांपुढे धरला. एक म्हणाला, दुकानात सोललेलं फ्रोझन मिळतं. दुसऱ्यानं फोटो काढला. तिसऱ्याला डायबेटिस होता. मी बाजूलाच चपला शोधत होते. सापडल्या होत्या, तरी शोधत होते.

दुपारी माझी बेल वाजली. तोच सूट, तोच मुखवटा.

"आक्का, जोडीदार म्हणजे मित्र नव्हे. वैरी लागतो. समोरच्या आळीचा, जन्माचा. सुमन गेल्यापासून माझ्याशी रोज भांडणारं तुमच्याशिवाय कोणी नाही."

"बाईला चालतं?"

"अबेलाममध्ये चालत नाही." ते पायपुसण्याकडे बघत राहिले. "हॅरोत चालवून घेऊ."

घेतला. मोहरीची फोडणी देऊन खाल्लाही. दोन घास भरले, तेही खुटखुटीत.

डोक्याकडचा तुकडा मात्र ठेवलाय, कागदात गुंडाळून, स्वयंपाकघरात बॉयलरच्या कपाटात. वसंतात लावायचाय. वाघमाऱ्यांना ताकीद दिलीय, पुरुषाची सावली माझ्या बाजूला पडता कामा नये.

आणि मुलाला झापायचं असलं की हल्ली मी फोन घेऊन पुढच्या खोलीत जाते. दार लावून घेते.